वाईट बातमी मालकापर्यंत पोचायला किती दिवस लागतात?

लोहारकी | रविवार, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. बाबांनी उभं केलं, चार वर्षांपासून मी बघतो. एकवीस माणसं, त्यातली सहा ठेकेदाराची.

मागच्या महिन्यात एका हॉटेलात उद्योजकांसाठी नेतृत्वाचं दिवसभराचं शिबिर केलं. साडेचार हजार रुपये, जेवण धरून. दूरदृष्टी, सचोटी, सहवेदना, निर्णयक्षमता, लवचिकता अशी यादी फळ्यावर होती आणि प्रत्येकासमोर स्वतःला दहापैकी गुण द्यायचे होते. सचोटीला मी नऊ दिले. एक गुण नम्रतेपोटी कापला.

आता खरी गोष्ट. बुटीबोरीच्या एका कंपनीला आम्ही ब्रॅकेट पुरवतो, ८ मिमी प्लेटचे. आमचं जवळजवळ एक तृतीयांश काम त्यांचंच. मागच्या लॉटमध्ये २४० नग होते. शेवटी शेवटी प्लेट संपली, तर ४० नग ६ मिमीत बनले, वरून पावडर कोटिंग झालं आणि गाडीत चढले. इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही फोरमनकाकांची. काका बाबांच्या काळापासूनचे आहेत. मला सायकल चालवायला त्यांनीच शिकवली.

मला हे कळलं अकरा दिवसांनी, चहाच्या टपरीवर, एका हेल्परच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. शॉपमध्ये माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "सांगणार होतो रे. पण त्या दिवशी सकाळी तूच म्हणाला होतास, संध्याकाळी गाडी निघाली नाही तर कोणी घरी जायचं नाही. आणि मागे जिगचं, नग पकडायच्या त्या चौकटीचं, सांगायला आलो होतो, तेव्हा सगळ्यांसमोर काय बोललास ते आठव."

आठवलं.

कंपनीला अजून काही बोललेलो नाही. ब्रॅकेट पॅनेलच्या आत बसतो, उद्याच कुणाच्या जिवावर बेतेल असं नाही. पण ड्रॉइंगवर ८ लिहिलंय. सांगू की गप्प बसू? काकांचं काय करू? आणि त्या यादीतला नेमका कोणता गुण माझ्यात कमी पडला, हे मला खरंच कळत नाहीये.

सावजी_कडक | रविवार, सकाळी ८:०५

"एक गुण नम्रतेपोटी कापला." भाऊ, हे वाक्य फ्रेम करून केबिनमध्ये लावा. पोहे खाताना वाचलं, तर्री नाकात गेली.

मी पंधरा वर्षं सुपरवायझर आहे, तीन मालक पाहिले. तुमच्या काकांनी जे केलं ते मी दोनदा केलंय. मालकाला दोन गोष्टी एकदम हव्या असतात, माल वेळेवर आणि माल बरोबर. त्यातली ओरडून मागितलेली मिळते, दुसरी नाही.

इतवारीकर | रविवार, सकाळी ८:३०

भाऊ, मी डाळीच्या धंद्यातला माणूस, लोखंडातलं मले काई समजत नाई. पण आमच्या दुकानात एक रीत हाय. पोतं ओलं निघालं का हमालानं पयले मालकाले सांगायचं, मंग खाली उतरवायचं. माहा बाप असा कडक होता का पोट्टे त्याच्या चपलेचा आवाज आयकून पान थुकत. पण ओल्या पोत्याचं सांगणाऱ्याले त्यानं कधी एक शब्द बोलला नाई. उलटा चहा पाजे. मी बारा वर्साचा होतो तवा इचारलं, "बावा, नुकसान झालं अन् तुम्ही चहा पाजून राह्यले?" तर म्हणे, "चहा पाच पैशाचा हाय. पोतं आतमंदी गेलं असतं तर अख्खी थप्पी सडली असती."

तुमच्या थप्पीत पोतं जाऊन अकरा दिवस झाले. आता इचार कायचा करता? फोन लावा.

वर्धारोड | रविवार, सकाळी ९:१५

मी मिहानमध्ये आयटी कंपनीत आहे, माझ्या हाताखाली तीसेक जण. आमच्या क्षेत्रात यावर बरंच बोललं जातं, पण वर इतवारीकरांच्या वडिलांनी ते पाच पैशात उरकलंय.

तरी एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधं देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की ज्या वॉर्डातली टीम चांगली, तिथे चुका कमी. आकडे उलटे आले. चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! खोदून पाहिल्यावर लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत चुका होत्याच, फक्त वहीत नव्हत्या.

तुमच्या शॉपमध्ये गेल्या वर्षभरात किती चुका नोंदल्या गेल्या? उत्तर "एकही नाही" असेल तर मला जास्त भीती वाटेल.

लोहारकी | रविवार, सकाळी ९:४०

@वर्धारोड, रिजेक्शनचं रजिस्टर आहे. आत्ता आठवून पाहिलं. मार्चनंतर कोरं आहे. आणि मार्चच्या मीटिंगमध्ये मी ते कोरं राहावं असंच म्हणालो होतो. टाळ्याही पडल्या होत्या.

सावजी_कडक | रविवार, सकाळी ९:४४

टाळ्या वाजवणाऱ्यांत काका होते का?

लोहारकी | रविवार, सकाळी ९:५०

पहिल्या रांगेत.

एम्प्रेस_गेट | रविवार, सकाळी ११:२०

माझे आजोबा एम्प्रेस मिलच्या विणकाम खात्यात होते, त्यामुळे असा विषय निघाला की मला राहवत नाही. लांबण लागेल, आधीच सांगतो.

जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली, 'सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग'. गिरणी म्हटली की मुंबई, असा तो काळ. हे गृहस्थ मात्र कापूस पिकतो तिथे आले. रेल्वे पोचलेली, कोळसा वरोऱ्याच्या बाजूला. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन भराव टाकायला लागले, तेव्हा इथल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, जमिनीत सोनं पुरणाऱ्याला कोण कर्ज देणार म्हणून. पुढे त्यानेच कबूल केलं की सोनं पुरलं नव्हतं, माती टाकून सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस.

इथपर्यंतची गोष्ट नागपुरात कोणीही सांगेल. पुढची फारशी सांगत नाहीत. सुरुवातीला घेतलेली यंत्रं स्वस्तातली होती आणि त्यांनी दगा दिला. उत्पादन मनासारखं निघेना. म्हणजे दूरदृष्टीचा पुतळा म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्यांची या गिरणीसाठीची पहिलीच मोठी खरेदी चुकली होती. त्यांनी ती चूक धरून ठेवली नाही, यंत्रं बदलली. पुढे रिंग फ्रेमबद्दल इंग्लंडातले नावाजलेले यंत्रवाले नाक मुरडत होते, तर यांनी मोजकी मागवून आपल्याच गिरणीत चालवून पाहिली, आणि जमल्यावर सरसकट बसवली. आधी थोडं करून बघायचं, मग पैसा ओतायचा. हे पहिल्या चुकीतून आलेलं शहाणपण असावं, असा माझा तर्क.

मॅनेजर नेमला तोही पाहा. बेझनजी मेहता रेल्वेतले. गिरणीचा अनुभव नाही. आजच्या भाषेत त्यांचा बायोडेटा पहिल्याच चाळणीत उडाला असता. त्यांनीच पुढे ही गिरणी नावारूपाला आणली.

आणि तुमच्या विषयाच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे गैरहजेरी. माणसं मनाला येईल तेव्हा येत. शेतीची कामं निघाली, घरात लग्न निघालं, की साचे रिकामे. दंड लावायची त्या काळात पूर्ण मुभा होती. जमशेटजींनी हजेरीला बक्षीस लावलं, १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू केला, १८९५ मध्ये अपघात झाल्यास भरपाईची सोय केली. गिरणीत खेळती हवा, दमटपणा राखायची यंत्रणा, आगीसाठी पाण्याचे फवारे, हे सगळं कुठल्याही कायद्याने सांगण्याच्या आधी. माणूस का येत नाही, असा प्रश्न त्यांना पडला. किती कापायचे, असा नाही.

सावजी_कडक | रविवार, सकाळी ११:५८

@एम्प्रेस_गेट काका, आदर राखून बोलतो. दर वेळी टाटा, टाटा. १८७७ ला मोठ्या माणसाने किती तास राबावं याला कायदाच नव्हता. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा, तोही लहान मुलांपुरता. म्हणजे सात वर्षांचं पोरगं कामाला चालत होतं. त्या काळातल्या कुठल्याही गिरणीला देऊळ करू नका. आणि शेवटी काय? २००२ ला भोंगा बंद, आज तिथे मॉल. मूल्यं एस्केलेटरने वर गेली.

एम्प्रेस_गेट | रविवार, दुपारी १२:३०

देऊळ करत नाही. आजोबांच्या फुप्फुसात किती कापूस गेला ते आम्ही घरी ऐकलंय. रात्रभर खोकत. बंद पडली तेव्हा गिरणी टाटांकडे नव्हती, १९८६ पासून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे होती. पण घरी बसलेल्या माणसाला सातबारा कुणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही, हे मान्य.

माझं म्हणणं एवढंच होतं की चुकलेली यंत्रं बदलली.

चूल_आणि_चक्की | रविवार, दुपारी २:१०

जेवणं उरकून आता वाचलं. माझं मसाल्यांचं आणि लोणच्याचं घरगुती युनिट आहे, अंबाझरी लेआउटमध्ये घराच्या तळमजल्यावर. अकरा बायका. नेतृत्व वगैरे शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही. मला त्या ताई म्हणतात आणि माझ्या मागे आणखी काय म्हणतात ते मला माहीत आहे.

२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकरांना सांगायला नको. तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली. त्या दिवशी मी वर्ध्याला बहिणीकडे होते. पहाटे साडेतीनला फोन. आमच्याकडची सगळ्यांत नवी बाई, जेमतेम दोन महिने झालेले. म्हणाली, "ताई, पाणी दारात आलं. हळद मी वर उचलून ठेवली, मिरची राहिली. आणि ताई, परवा कुलूप लावताना मी मागची खिडकी उघडी टाकली होती, तिथूनबी शिरलं."

खिडकीचं तिने सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. सगळं शहरच पाण्यात होतं, एका खिडकीचा हिशेब कोण करणार? मिरचीचं नुकसान झालं ते झालंच, विम्यात बसलं नाही. पण साडेतीन वाजता आधी स्वतःची चूक सांगायचं धाडस तिला कसं झालं, असं मी नंतर तिलाच विचारलं. तर ती म्हणाली, "मागं तुम्ही बरणीत मीठ दुप्पट घातलं होतं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या ना, माझ्याच हातून झालं म्हणून."

मी ते विसरूनही गेले होते. लोहारकी, तुम्ही शेवटचं "माझ्या हातून झालं" असं शॉपमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने कधी म्हणालात?

पुण्यातला_नागपूरकर | रविवार, दुपारी २:४५

सगळं पटलं, पण सहीचं काय? चूक माहीत असून सही करणं म्हणजे खोटा कागद. आमच्याकडे पुण्यात अशा माणसाला त्याच दिवशी घरी पाठवतात. भावना बाजूला ठेवा.

सावजी_कडक | रविवार, दुपारी २:४९

"आमच्याकडे पुण्यात." आला बावा. दहा वर्षांपूर्वी हाच माणूस बर्डीवर माझ्याकडून उधारीत समोसे खात होता.

पुण्यातला_नागपूरकर | रविवार, दुपारी २:५५

उधारी फेडली होती. मुद्द्यावर या.

सावजी_कडक | रविवार, दुपारी ३:२०

बरं, मुद्दा. काकांना काढलं तर बाकीची वीस माणसं काय शिकतील? काका खोटी सही केल्यामुळे गेले, असं कोणी म्हणणार नाही. काका सापडल्यामुळे गेले, असं म्हणतील. आणि ज्या हेल्परच्या तोंडून निघालं, त्याचं जगणं हराम होईल. पुढची गोष्ट अकरा दिवसांनीही कळणार नाही.

आणि एक पाहिलेली गोष्ट सांगतो. मार्च २०२०. लॉकडाऊन लागला तेव्हा मी एका कंपनीत होतो, नाव नको. आमच्या साहेबांच्या टेबलावर 'आपण एक कुटुंब आहोत' असं लिहिलेली पाटी होती. तीन दिवसांनी साहेबांचा फोन बंद. ठेकेदाराची पोरं, बहुतेक मध्य प्रदेशातली, जबलपूर रोडने चालत निघाली. शेजारच्या शेडचा मालक, तोंडाने अत्यंत फाटका माणूस, शिवीशिवाय वाक्य नाही. त्याने आपल्या शेडमध्ये चूल मांडली, चाळीस दिवस माणसं ठेवली, अर्धा पगार दिला आणि पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, "पूर्ण देऊ शकत नाही, माझ्याकडे नाहीत. जायचं त्याने जा, परत आलात तर जागा आहे." जूनमध्ये त्याची माणसं पहिल्यांदा परतली. आमच्याकडे ऑगस्ट उजाडला तरी मशीन झाकलेल्या.

म्हणून मला हे गोड बोलण्याचं शिबिर वगैरे पटत नाही. लोहारकीभाऊ, तुम्ही आवाज चढवता म्हणून काका गप्प बसले असं नाही. तो शेडवाला तुमच्या दसपट ओरडायचा, तरी त्याला सगळं कळायचं. फरक कुठे आहे ते मला नीट मांडता येत नाही.

इतवारीकर | रविवार, दुपारी ४:००

मी मांडतो. तो वरडे कामावर. खबर आणणाऱ्यावर नाई.

टॅलीवाला | रविवार, सायंकाळी ५:३०

मी अकाउंट्स आणि टॅक्सचं काम करतो, हिंगणा आणि कळमन्याचे बरेच क्लायंट आहेत. एक तिरका प्रश्न विचारतो, राग मानू नका. लेथवाल्याचं, कोटिंगवाल्याचं पेमेंट तुम्ही किती दिवसांनी करता?

माणसाच्या सचोटीला किती गुण द्यायचे ते मी क्रेडिटरच्या लेजरवरून, म्हणजे कुणाचं किती देणं थकलंय त्या वहीवरून ठरवतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून माल किंवा काम घेतलं तर २००६ च्या कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. हे वर्षानुवर्षं कागदावर होतं, मागत कोणी नव्हतं, कारण मागितलं तर पुढचं काम जातं. मग आयकरात ४३बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा धरायचा नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी धरायचा. मार्च २०२४ मध्ये नागपुरात इतकी नैतिकता एकदम उफाळून आली की मला रात्री दोनपर्यंत आरटीजीएसचे मेसेज येत होते.

इतवारीकर | रविवार, सायंकाळी ५:४२

आमाले ते लागू नाई, आमी व्यापारी.

टॅलीवाला | रविवार, सायंकाळी ५:५०

बरोबर. विकणारा व्यापारी असेल तर त्याच्या बिलाला ही मुदत लागत नाही. उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. म्हणून तर तुमचा चेहरा मार्चमध्येही हसरा असतो.

लोहारकी | रविवार, रात्री ८:१५

लेथवाल्याचे पैसे मी सरासरी सत्तर-ऐंशी दिवसांनी देतो. मला वरून नव्वद दिवसांनी येतात, बँकेची सीसी लिमिट (कर्जाची मर्यादा) कायम टोकाला असते, हे कारण मी स्वतःला देत आलोय. त्याच्याकडे उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं, सर्टिफिकेट आहे का, हे मी मुद्दाम कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं.

आणि आता एक गोष्ट उलगडतेय. ८ मिमीची प्लेट का संपली? स्टीलवाल्याचं मागचं बिल थकलं होतं म्हणून त्याने गाडी अडवली होती. ते मला माहीत होतं. काकांना नव्हतं. मी त्यांना "प्लेट उद्या येते" असं दोनदा सांगितलं होतं, आणि येणार नाही हे मला आतून ठाऊक होतं.

म्हणजे वाईट बातमी दडवायला शॉपमध्ये सुरुवात केली ती मीच. काकांनी फक्त पुढे चालवली.

उद्या सकाळी बुटीबोरीला फोन करतो.

वर्धारोड | रविवार, रात्री ८:४०

फोन करू नका, जाऊन भेटा. सोबत लॉट नंबर, चलन नंबर, कोणते नग, कोणत्या तारखेला निघाले हे सगळं न्या. "काहीतरी गडबड झाली असावी" असं मोघम बोलणं म्हणजे पुन्हा अर्धंच सांगणं.

चूल_आणि_चक्की | रविवार, रात्री ९:०५

आणि काकांना सोबत न्या. पण बोलायचं तुम्ही.

सावजी_कडक | रविवार, रात्री ९:१०

परवा मारबत आहे, इडापिडा घालवायच्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी निघेल, पिवळी निघेल. या वेळी आपल्यातर्फे एक बडग्याचा पुतळा: कोरं रिजेक्शन रजिस्टर घेऊन जा गे मारबत!

लोहारकी | शनिवार, रात्री १०:२०

आठवडाभर लिहिता आलं नाही. जसं झालं तसं सांगतो.

सोमवारी पोळा होता, पण त्यांचा प्लांट चालू होता, म्हणून सकाळीच गेलो. काका सोबत. क्वालिटीवाल्या साहेबांपुढे सगळं सांगितलं, प्लेट का संपली तेही. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग स्टोअरला फोन करून लॉट थांबवला. ४० पैकी २९ नग स्टोअरमध्ये सापडले, ११ फिट झालेले होते. ते अकरा काढून नवे बसवायचा खर्च आमच्या नावावर डेबिट नोटने आला. रक्कम लिहीत नाही, पण दिवाळीच्या बोनसचा हिशेब मला पुन्हा मांडावा लागेल.

ते एवढंच म्हणाले की, प्लेट नव्हती तेव्हा फोन करून डेव्हिएशन, म्हणजे ड्रॉइंगपेक्षा वेगळं करायची परवानगी, मागितलं असतं, तर त्या जागेसाठी डिझाइनवाल्यांनी ६ मिमीला कदाचित मंजुरी दिलीही असती. हे ऐकून काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

कौतुक वगैरे झालं नाही, कुणी पाठ थोपटली नाही. व्हेंडर रेटिंग खाली आलं, पुढच्या तिमाहीची ऑर्डर निम्मी झाली. काम बंद केलं नाही, एवढंच.

मंगळवारी तान्हा पोळा आणि मारबतीची सुट्टी. बुधवारी सकाळी सगळ्यांना शॉपमध्ये उभं करून स्टीलवाल्याच्या थकलेल्या बिलाची गोष्ट सांगितली. कोणी काही बोललं नाही. हेल्पर पोरं खाली बघत होती. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. वाटलं नाही, लाज वाटली. काकांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. सहीवरून मी त्यांना लेखी पत्र दिलं, त्याचा त्यांना राग नाही. त्यांचा राग वेगळाच आहे. "प्लेट येणार नाही हे मला का नाही सांगितलंस? तुझ्या बापाने सांगितलं असतं."

लेथवाल्याचे निम्मे पैसे दिले, बाकीचे दोन हप्त्यांत. त्याने चहा पाजला आणि संशयाने विचारलं, "काम बंद करून राह्यले का आमचं?"

पुण्यातला_नागपूरकर | शनिवार, रात्री १०:४५

काकांना काढलं नाहीत, ठीक. पत्र दिलंत हे बरं केलंत. माझं आधीचं मत मी अर्धं मागे घेतो.

इतवारीकर | शनिवार, रात्री ११:००

अर्धंच? पुन्याचं पानी लागलं.

एम्प्रेस_गेट | शनिवार, रात्री ११:१०

ऑर्डर पूर्ववत झाली तरी कळवा, नाही झाली तरी कळवा.

लोहारकी | रविवार, सकाळी ७:१५

कळवतो. ऑर्डरचं इतक्यात काही होणार नाही.

काल संध्याकाळी निघताना तोच टपरीवरचा हेल्पर केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायला तयार नाही. म्हणाला, ड्रिल मशीनचा पट्टा कडेने सुटायला लागलाय, चार-पाच दिवस जाईल, मग तुटेल.

इतवारीकर | रविवार, सकाळी ७:३०

चहा पाजला का त्याले?

लोहारकी | रविवार, सकाळी ७:३२

टपरी बंद झाली होती. आज पाजतो. उद्या दुकानं उघडली की लोहाओळीतून पट्टा आणायला काका स्वतः जातो म्हणालेत. साइज लिहून घ्यायला तेवढे माझ्याशी बोलले.